देठ नसलेली कळी

वीटभट्टीवरची माणसं कच्च्या विटांच्याच खोपीत राहतात. मातीने न सांधता नुसत्या एकावर एक रचलेल्या विटा आणि वर उसाचं पाचट. दिवाळी झाली की आम्ही कृष्णेकाठच्या भट्टीवर जायचो आणि पावसाळ्याच्या तोंडाशी गावी परतायचो. निघायच्या दिवशी मालकाचा माणूस खोप उतरवून त्या विटाही भट्टीत रचायला न्यायचा. आमचं घर दरवर्षी असं भाजलं जायचं आणि कुणाच्या तरी बंगल्याला लागायचं. आई साच्यात चिखल थापायची. साच्याच्या तळाला मालकाची इंग्रजी अक्षरं कोरलेली होती, ती प्रत्येक विटेवर उमटायची. मी पहिली एबीसीडी त्या विटांवरून गिरवली. एकदा आईला विचारलं, विटा तू करतेस तर नाव त्याचं का? ती म्हणाली, "माझं नाव वाचणार कोण? तू चिखल आण."

शेजारच्या मळ्यात विहीर होती. आम्ही तिच्या काठावर चढायचं नाही. मळ्यातला गडी वरून पाणी ओतायचा, आम्ही खाली घडा धरायचा. गडी जेवायला गेला की ताटकळत बसायचं. हे कुठल्या जुन्या पोथीतलं सांगत नाही, माझ्या डोळ्यांदेखतचं आहे. बाबा भट्टी पेटवायचे, दादाची शाळा चौथीत सुटली. माझी सुटू नये म्हणून आईने मला मिरजेला मावशीकडे ठेवलं, आणि घरातली पहिली ग्रॅज्युएट मी झाले. पुढचा प्रवास, शिष्यवृत्ती, पहिलं विमान वगैरे मी लिहिणार नाही. सत्काराच्या भाषणांतून ते इतकं ऐकलंय की आता मलाच ते खोटं वाटायला लागलंय.

मी गेल्या वर्षापर्यंत ग्लासगोच्या एका वस्तुसंग्रहालयात कॉन्झर्वेटर होते. म्हणजे जुन्या वस्तूंची डागडुजी आणि साफसफाई. माझ्याकडे प्राचीन ग्रीक मातीची भांडी असायची. दादाला हे कळलं तेव्हा तो फोनवर पोट धरून हसला. म्हणाला, "आई आयुष्यभर भट्टीवर राबली, मधल्या दिवसांत लोकांची भांडी घासली, आणि तू एवढं शिकून विलायतेला भांडीच घासायला गेलीस? तीपण उष्टी नाहीत!" दादाला बोलायचा हक्क आहे. तिकडेच पिनर गावी एका मराठी ओळखीच्यांकडे जेवायला गेले असताना यजमानांनी हाच विनोद केला, तेव्हा मात्र मी ताटावरून उठले. त्यांना अजून वाटतं की मला भाजी तिखट लागली.

कामाबद्दल थोडं सांगते. या भांड्यांवर तुम्हाला काळा आणि लाल असे दोन रंग दिसतात. रंग तिथे नाहीतच. भांडं ज्या मातीचं, तीच माती पुन्हा पुन्हा गाळून, साईसारखी करून तिने चित्र काढायचं. मग भट्टीत हवा सोडायची, सगळं लाल होतं. मग हवा कोंडायची, धूर भरायचा, सगळं काळं होतं. मग पुन्हा हवा सोडायची. भांडं परत लाल होतं, पण गाळलेली माती तोवर काचेसारखी बंद झालेली असते, ती काळीच राहते. काळी आणि लाल, दोन्ही एकाच खड्ड्यातली माती. हे मी दालनात लोकांना सांगायचे तेव्हा तिकडचे लोक 'हाउ क्लेव्हर' म्हणायचे. आपल्याकडची मंडळी कधी कधी दुसरीकडे बघायची.

आणि साफसफाईचं मुख्य औषध म्हणजे थुंकी. हो, तोंडातली. बांबूच्या काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा, भांड्यावर हलक्या हाताने फिरवायचा आणि फेकून द्यायचा. तीच काडी पुन्हा तोंडात घालायची नाही. आपल्या लाळेत जे असतं त्याने जुना मळ सुटतो आणि भांड्याला इजा होत नाही. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत हेच करतात. मला हे मॉरीनने शिकवलं. मॉरीन माझी पहिली वरिष्ठ, ग्लासगोची, सिगरेट सुटल्यापासून सतत पेपरमिंट चघळणारी. पहिल्या दिवशी म्हणाली, "दुपारी करी खाल्लीस तर दात घासून ये, हेन." तिकडे बायकांना लाडाने हेन म्हणतात. करीवर मी चिडले, तर तिने स्वतःची पेपरमिंट काढून दाखवली. त्यावरही बंदी होती.

एकदा तिकडच्या वॉटफर्ड गावच्या मराठी मंडळाने माझं भाषण ठेवलं. मी थुंकीचं सांगितलं आणि पहिल्या रांगेतल्या एक बाई दचकून म्हणाल्या, "शी, देवाच्या मूर्तीलाही?" मी म्हटलं, मूर्ती माझ्याकडे येत नाहीत. त्यांनी गोड आवाजात विचारलं, "तुमचं मूळ आडनाव काय हो?" मला हा प्रश्न विमानतळापासून पिनरपर्यंत सगळीकडे विचारला गेला आहे आणि त्याचा अर्थ मला पाठ आहे. मी आडनाव सांगितलं. शिवाय हेही सांगितलं की माझ्या पूर्वजांना गळ्यात मडकं बांधून फिरावं लागे, कारण त्यांची थुंकी रस्त्यावर पडली तर रस्ता बाटायचा. आज माझ्या थुंकीने साफ केलेलं मडकं काचेच्या पेटीत ठेवतात आणि तुम्ही तिकीट काढून बघायला येता. अध्यक्षांनी चहा तयार असल्याचं जाहीर केलं. चहाला माझ्याजवळ फक्त नागपूरकडचे एक रेल्वे इंजिनिअर आले, जयभीम केला आणि दोन समोसे आणून दिले.

गिऱ्हाइकं सगळीच अशी नसत. महिन्यातून एकदा लोक आपापल्या वस्तू दाखवायला आणायचे. एकजण फुटबॉल क्लबच्या स्कार्फमध्ये गुंडाळून ग्रीक फुलदाणी घेऊन आला. आजोबांनी लढाईवरून आणलेली, म्हणाला. मी बुडाला बोट लावून सांगितलं की ही साच्यात ओतलेली आहे, पर्यटकांच्या दुकानातली, आणि काळा रंग डबीतला आहे. त्याने फुलदाणी पुन्हा स्कार्फमध्ये गुंडाळली. मग म्हणाला, "म्हणजे आजीला मी उगाचच बाहेर काढलं." आजीची रक्षा त्यात होती. त्याने ती बिस्किटाच्या डब्यात हलवली होती.

पण मला लिहायचंय ते एका माणसाबद्दल, ज्याला मी कधी पाहिलं नाही आणि ज्याचं नाव कुणालाच माहीत नाही.

अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्ये भांडी रंगवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी सही केली नाही. काहींची सही सापडते, तर कधी कधी ते नावही नाव नसतं, 'अमक्या देशातला' एवढंच असतं. गुलामाला हाक मारायला तेवढं पुरे. ज्यांची सही नाही त्यांना विद्वान लोक नाव देतात. कधी हाताच्या एखाद्या लकबीवरून, तर कधी त्याचं सगळ्यात चांगलं भांडं ज्याच्या मालकीचं होतं त्यावरून. आमच्या माणसाला स्ट्राथकर्न पेंटर म्हणतात. स्ट्राथकर्न हा एका जहाजमालकाचा वाडा. त्याची जहाजं बंगालचा ताग वाहायची. त्या कमाईतून त्याने इटलीतल्या जुन्या थडग्यांतून निघालेली, मुळात अथेन्सहून तिकडे विकली गेलेली भांडी विकत घेतली. आणि ज्याने ती रंगवली, तो अथेन्सचा कारागीर त्या जहाजवाल्याच्या घराच्या नावाने ओळखला जातो. मला पहिल्यांदा हे समजलं तेव्हा आतून कापलं. नंतरही कधी सवय झाली नाही.

या माणसाची चित्रं साधारण आहेत. घोडे, भालेवाले, रथ, सगळे काढत तसेच. त्याचा जीव होता नक्षीत. घड्याच्या पोटाला तो कमळाच्या कळ्यांची माळ घालायचा. दुसरे लोक घड्यावर अशी माळ चित्राच्या चौकटीपुरती काढत, हा पूर्ण वळसा घालायचा. प्रत्येक कळी जरा उजवीकडे कललेली, आणि देठ असे की एका कळीचा देठ मधल्या दोन कळ्या सोडून तिसरीला जाऊन मिळतो. आता अशी गोल माळ काढताना एक अडचण येते. तुम्ही निघता तिथेच परत पोचता, आणि शेवटी उरलेली जागा कधीच बरोबर नसते. पूर्ण कळीला कमी आणि मोकळी सोडायला जास्त. हुशार लोक आधीपासून कळ्या दाटीने काढायला लागतात, किंवा सुरुवातच मागच्या कानाखाली करतात, जिथे कुणी बघत नाही. आमचा माणूस सुरुवात करायचा समोर, चित्राच्या बरोबर खाली. आणि शेवटी उरलेल्या फटीत एक कळी काढायचा, देठाशिवाय. दोन्हीकडच्या कुणाशीही न जोडलेली.

पुस्तकांत याबद्दल दोनच शब्द आहेत: 'यांत्रिक' आणि 'निष्काळजी'. ज्या विद्वानाने ते लिहिले त्याने हातात कुंचला धरून एक वळसा घालून बघावा. मी घातला आहे. कुंभाराकडून घेतलेल्या साध्या मडक्यावर, अनेकदा. मला एकदाही जमलं नाही.

आमच्याकडे त्याची सात भांडी होती. सहांवर ती देठ नसलेली कळी होती. सातव्यावर नव्हती. सातवं भांडं म्हणजे पाण्याचा मोठा घडा, उचलायला दोन्ही बाजूंना दोन कान आणि ओतायला मागे तिसरा. तिथली माळ अगदी निर्दोष. म्हणून तो त्याचा उत्तम घडा, म्हणून त्याच्यावरून नाव, म्हणून बाकीची सहा त्याच्या पडत्या काळातली. सगळा इतिहास त्या एका निर्दोष माळेवर उभा होता.

नवं दालन करायचं ठरलं आणि तो घडा माझ्या टेबलावर आला. मी नेहमीप्रमाणे अतिनील दिवा लावला. जुनी माती त्या उजेडात गप्प असते, नंतर चोपडलेला रंग चमकतो. घड्याच्या समोर, माळेत, तळहाताएवढा डाग चमकायला लागला. मला वाटलं तिथे तुटलं असेल आणि कुणी भर घातली असेल. परवानगी घेऊन कडेला केसभर साफ करून बघितलं. खाली तडा नव्हता. खाली त्याची स्वतःची शाबूत चकाकी होती. म्हणजे जहाजवाल्याच्या काळातल्या कुणा दुरुस्तीवाल्याने धड पृष्ठभागावर रंग फासून त्या जागी देठासकट नीटनेटक्या कळ्या काढल्या होत्या. गिऱ्हाइकाला माळ पूर्ण हवी होती.

मी सरळ मागणी केली की तो रंग काढायचा. आमचा क्युरेटर अँगस, म्हणजे कुठली वस्तू कशी मांडायची हे ठरवणारा, वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं असं की जुनी दुरुस्ती हाही आता इतिहास आहे. शिवाय तीच माळ आमच्या पोस्टरवर, पिशव्यांवर, कॅफेच्या कपांवर होती. आणि स्ट्राथकर्न घराण्यातली पणती हिलरी आमच्या कमिटीवर होती. जिन्यात मला गाठून तो म्हणाला की खाली बहुतेक एक चूकच असणार, त्या माणसाचा वाईट दिवस लोकांना कशाला दाखवायचा?

मी म्हटलं, "चूक एकदा होते, अँगस. सहा भांड्यांवर, एकाच जागी, सगळ्यांच्या समोर? तो काही लपवत नाहीये, आणि तुम्हाला तेच सहन होत नाही."

जिन्यात आवाज घुमतो. खालच्या रिसेप्शनपर्यंत ते ऐकू गेलं.

कमिटीच्या दिवशी मी बाकीची सहा भांडी टेबलावर मांडली, सगळी माळेचा सांधा, म्हणजे ती सुटी कळी, समोर करून. हिलरी उंच, वयस्क, गुडघ्यांनी बेजार. तिने काठी टेकत टेबलाला फेरी मारली. प्रामाणिकपणे सांगायचं तर जरा गबाळं दिसतं, म्हणाली. मग घड्याचा फोटो उचलून म्हणाली, "माझ्या पणजोबांनी तो असाच घेतला होता. त्यांचाही काही मान ठेवाल की नाही?"

"त्यांनी तो विकत घेतला," मी म्हटलं. "केला दुसऱ्याने."

अँगस छताकडे बघायला लागला. अध्यक्षांनी निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला. बाहेर पडताना मला कळलं होतं की मी हरले आहे. पुढच्या बैठकीनंतर लगेच पेट्या बंद होणार होत्या, आणि एकदा पेटी बंद झाली की पुढची वीस-तीस वर्षं त्या घड्याला कुणी हात लावणार नव्हतं. माझी तर नोकरीच संपत आली होती. ती कळी रंगाखाली राहणार, आणि ती तिथे आहे हे माहीत असणारी मी निवृत्त होऊन घरी बसणार.

मी तडक मॉरीनकडे गेले. तोवर ती निवृत्त होऊन कुत्र्याबरोबर राहत होती. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "तुझं बरोबर होतं आणि तू उद्धट होतीस, हेन. त्यांना दुसरंच लक्षात राहील." मी म्हटलं, मी उद्धटच आहे, ती माझी कमाई आहे, सहजासहजी मिळालेली नाही. ती म्हणाली, ठेव मग, पण अँगसला भांडण नको देऊ, काम दे. त्याला म्हणावं, हा घडा आणि ती सहा भांडी एकाच हाताची आहेत का, तूच तपास.

मी तसं केलं, दात खाऊन. अँगस आठवडाभर त्या सात भांड्यांत बुडाला. कळ्यांचा कल, देठांचे वळसे, कुंचला उचलल्याच्या खुणा. माझ्यापेक्षा त्याची नजर या बाबतीत जास्त तयार आहे, हे मान्य करते. पुढच्या बैठकीत तो उभा राहिला आणि म्हणाला की ज्या घड्यावरून आपण या माणसाला नाव दिलं, त्याच घड्यावर आपण त्याचा हात झाकून ठेवला आहे. कमिटीने माना डोलावल्या. हिलरीनेही डोलावली. रंग काढायचा ठरला, चहा यायच्या आत.

मला आनंद झाला आणि त्याहून जास्त राग आला. मी हेच बोलले होते. माझ्या तोंडी ते भांडण होतं, त्याच्या तोंडी संशोधन झालं. तो राग अजून आहे. वय झाल्यावर राग निवळतो म्हणतात, माझा तरी नाही निवळला.

काम सावकाश चाललं. जाड रंग द्रावणाने सुटला, शेवटचा पातळ थर मी लाळेने काढला. त्या दिवशी हिलरी बघायला आली. मी काडी जिभेवर ओली केली तसे तिचे डोळे मोठे झाले. तिने काही विचारायच्या आत मी मडक्याची गोष्ट सांगून टाकली, वॉटफर्डला सांगितली तीच. ती निघून जाईल असं मला वाटलं. तिने विचारलं, "मी बसले तर चालेल?" आणि खुर्ची ओढून दुपारभर बसली. अधूनमधून वापरलेल्या काड्यांचं भांडं माझ्या हाताजवळ सरकवायची. संध्याकाळच्या आत कळी मोकळी झाली. उजवीकडे कललेली, देठ नाही, डावी-उजवीकडच्या कळ्या तिच्यापासून अंग राखून. टोकाशी कुंचला जरा दाबलेला. हिलरी चष्मा काढून म्हणाली की ही तर सगळ्यात चांगली काढलीय. ती खोटं बोलत नव्हती.

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, रंगाखाली सही निघेल. एखादं अक्षर, निदान 'अमक्या देशातला' तरी. काही निघालं नाही. घरी येऊन मी जेवले नाही.

मग लेबलवरून भांडण झालं. स्ट्राथकर्न पेंटर हे नाव काढून टाका, मी म्हटलं. अँगस म्हणाला, जगभरच्या पुस्तकांत तेच नाव आहे, ते काढलं तर उद्या अभ्यासक त्याला शोधणार कसा? तेही खरं होतं, मला मान्य करावं लागलं. पण नाव कुठे लिहायचं ते आमच्या हातात होतं. तिथे मी हटले नाही, आणि या वेळी हिलरी माझ्या बाजूने बोलली.

घडा आता नव्या दालनात मधल्या पेटीत आहे, सांधा दाराकडे करून, म्हणजे आत येणाऱ्याला आधी ती कळी दिसते. लेबलची पहिली ओळ अशी आहे: 'घडवणारा आणि रंगवणारा: अथेन्समधले कारागीर. नावं माहीत नाहीत.' दुसऱ्या ओळीत माळेची माहिती आहे, 'निष्काळजी' हा शब्द तिथे नाही. स्ट्राथकर्न सगळ्यात खाली आहे, पूर्वीचे मालक म्हणून.